कान्हेरी

मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटाच्या डोंगराळ मध्यभागी, घनदाट अरण्याने वेढलेले बौद्ध लेण्यांचे स्थळ. हे अरण्य सांप्रत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०३ चौ. किमी. असून हद्द मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागली आहे. पश्चिम रेल्वेच्या बोरीवली स्थानकाजवळील प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतची सुमारे सहा किमी.ची वाट ज्याला चालवेल त्याने ती पायीच चालावी. कारण साग, ऐन, पळस, काटेसावर आणि बांबू यांच्या दाटीतून डोंगर हळूहळू जवळ येऊ लागला, म्हणजे भिक्षूंनी आणि दात्यांनी शतकानुशतके हीच जागा का पसंत केली, ते पायांना आपोआप उमगते.

त्याचे कारण पाणी. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणालगत पाण्याचे टाके, म्हणजे शिलालेखांच्या भाषेत पोढी, कोरलेले आहे. एखाद्या साध्या विहारापुढे क्षणभर थांबून वरच्या कातळाकडे निरखून पाहावे: बोटाएवढ्या खोलीचे पन्हळ उताराला तिरपे छेदीत, पावसाचे पाणी दर्शनी भागावरून ओघळू न देता बाजूस वळवितात आणि टाक्याच्या चौकोनी तोंडाशी आणून सोडतात, आत ओसरी, ओसरीत दगडी बाक, त्यामागे निजण्याच्या ओट्यासह भिक्षूची कोठी. चार महिन्यांचा पाऊस आठ महिन्यांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी राखून ठेवण्याची ही व्यवस्था इतकी काटेकोर आहे, की कान्हेरीचे खरे शिल्प मूर्तींत नसून या पन्हळांत आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

टाक्यांशेजारचे लेख या व्यवस्थेमागील माणसे दाखवितात. एका लेखात कल्याणचा स्वामिदत्त नावाचा सोनार पोढीचे दान नोंदवितो; दुसऱ्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा अमात्य शतेरक. हा दुसरा लेख इतिहासकारांना विशेष मोलाचा झाला, कारण त्यात राणीचे वर्णन महाक्षत्रपाची कन्या असे असल्याने, परस्परांशी लढणाऱ्या सातवाहन व क्षत्रप या दोन घराण्यांतील शरीरसंबंधाचा दाखला पाण्याच्या एका टाक्यामुळे मिळाला. इतर लेखांत सोपारा, चौल, नाशिक येथील दात्यांचा उल्लेख येतो, आणि शेत किंवा द्रव्य कायमची ठेव म्हणून देऊन त्याच्या उत्पन्नातून वर्षावासातील भिक्षूंना वस्त्रे पुरवावीत, अशा तरतुदीही आढळतात.

लेण्यांचे खोदकाम इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन जवळजवळ हजार वर्षे चालू राहिले. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील असून गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंनी ते करविले. त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांस उभ्या असलेल्या सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मात्र पुष्कळ उत्तरकालीन आहेत. बहुतेक प्रेक्षक येथूनच परततात, ही खेदाची गोष्ट होय. वर चढून गेल्यास अकराव्या लेण्यातील दोन लांब, बसके दगडी ओटे आणि एकेचाळिसाव्या लेण्यातील एकादशमुखी अवलोकितेश्वर ही दोन्ही दृष्टीस पडतात. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या कारकीर्दीतील लेखांवरून, कोकणात त्याच्या मांडलिक शिलाहारांचा अंमल असतानाही येथील संघ नांदता होता हे सिद्ध होते. नव्वदाव्या लेण्यात अकराव्या शतकाच्या आरंभी येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत. पुढे पोर्तुगीज अमदानीत चैत्यगृहाचा वापर ख्रिस्ती प्रार्थनामंदिर म्हणून झाला.

अरण्य टिकले तेही पाण्यामुळेच. मुंबई शहरास नळाने पाणी पुरविण्यासाठी याच डोंगरांत १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधून पुरे झाले, आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र वस्ती व लागवड यांपासून राखले गेल्याने भोवतालचे रान शाबूत राहिले. या रानात बिबट्याचा कायमचा वावर आहे. पाड्यांतून राहणारे वारली वाघोबाची पूजा करतात आणि त्याच्याशेजारी कसे वागावे हे शहरवासीयांपेक्षा अधिक जाणतात.

हिंडण्यास पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम. ओढे वाहत असतात, पन्हळांतून पाण्याची रेघ अजून दिसते, आणि सुमारे आठ वर्षांनी येणारा कारवीचा फुलोरा त्या वर्षी असलाच, तर उतारच्या उतार जांभळे होतात. शिलोंड्याच्या पायवाटेसाठी वनखात्याचा परवाना व वाटाड्या लागतो. उद्यान सोमवारी बंद असते. तलावांच्या काठी मुक्तपणे जाण्यास मनाई आहे, आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असल्याने ती मनाई कसोशीने पाळणे हे प्रत्येक पांथस्थाचे कर्तव्य होय.