ठरलेला डाव आणि न ठरलेला प्रतिस्पर्धी

शाळेच्या स्नेहसंमेलनात लाठीची प्रात्यक्षिके आपण पाहिलीच असतील. एकाने ठरलेला वार करावयाचा, दुसऱ्याने ठरलेल्या रीतीने तो चुकवावयाचा, आणि पालकांनी टाळ्या वाजवावयाच्या. मी शिक्षक असल्यामुळे अशा टाळ्या पुष्कळ ऐकल्या आहेत. पण वार करणाऱ्याने ऐन वेळी बेत बदलला तर? जपानातील युद्धविद्येच्या गुरूंना या प्रश्नाने निदान दोनदा तरी गंभीरपणे छळले आहे.

पहिला प्रसंग तलवारीचा. लाकडी तलवारीचाही नेमका बसलेला वार हाड मोडतो. म्हणून सरावात वार अंगाअलीकडे थांबवावा लागे व दोघांच्या हालचाली आधीच ठरलेल्या असत. या ठरीव पाठाला तिकडे ‘काता’ म्हणतात. अठराव्या शतकात नागानुमा व नाकानिशी यांच्यासारख्या गुरूंनी चिरलेल्या बांबूंची तलवार आणि मुखवट्यासह चिलखत सरावात रुजविले. आता वार खराखुरा करता येऊ लागला आणि समोरचाही मनापासून विरोध करू लागला. हा तर पोरखेळ, अशी टीका जुन्या मताच्या लोकांनी केलीच! आपल्या फरी-गदग्याच्या खेळाडूंना मात्र यात नवल वाटू नये. चामड्याने मढविलेल्या गदग्यामागे हाच हिशेब आहे.

दुसरा प्रसंग जिगोरो कानो यांचा. १८६० साली जन्मलेला हा किरकोळ शरीरयष्टीचा विद्यार्थी १८७७ साली फुकुदा या गुरूंकडे जुजुत्सू शिकू लागला. एकदा त्याने एका डावाची फोड विचारली, तेव्हा गुरूंनी उत्तरादाखल त्याला पुन्हा पुन्हा उचलून आपटले. (आमच्या शिक्षणखात्यास ही पद्धत मानवणार नाही.) त्याच तालमीत फुकुशिमा नावाचा धिप्पाड सोबती होता. तो कानोंना काही केल्या हलेना. त्यांनी सुमोचे डाव करून पाहिले. तेही फुकट गेले. अखेर ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकांतून त्यांनी एक डाव शोधून काढला. वाकून पायात हात घालावयाचा आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घ्यावयाचा. फुकुशिमा पडला! तो डाव पुढे ‘काता-गुरुमा’, म्हणजे खांद्यावरचे चाक, या नावाने जुदोत आला.

१८८२ साली तोक्योतील एइशोजी मंदिरात, १२ चटयांच्या जागेत, ९ शिष्यांसह कानोंनी कोदोकान ही संस्था काढली. मोकळी झुंज, म्हणजे ‘रान्दोरी’, ही काही त्यांची निर्मिती नव्हे. त्यांच्या गुरुघराण्यांतही ती होती. कानोंनी तिला अभ्यासाचा कणा केले, हे त्यांचे कर्तृत्व. त्यासाठी ठोसे, लाथा आणि अपाय करणारे पुष्कळ डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून काढून कातापुरते ठेवले. वरवर पाहता ही विद्या दुबळी झाली. परंतु डोळा फोडण्याचा डाव सोबत्यावर कधीच पुरता करता येत नाही. तो जन्मभर हवेतच राहतो. उलट साधी पाडाची युक्ती पडायला राजी नसलेल्या माणसावर रोज शंभरदा तपासता येते. १८८०च्या दशकात तोक्यो पोलिसांच्या सामन्यांत कोदोकानच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांविरुद्ध नाव कमावले, त्याचे मर्म मला यातच दिसते. त्या सामन्यांभोवती पुढे दंतकथाही बऱ्याच वाढल्या, ही गोष्ट वेगळी.

तरीही कानोंनी काता टाकले नाही. पुढे उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखपद दीर्घकाळ सांभाळणाऱ्या या शिक्षकाने त्याला व्याकरणाची उपमा दिली होती आणि रान्दोरीला निबंधाची. पाठ केलेल्या व्याकरणावर निबंध उतरत नाही, हे माझ्या वर्गातील मुलेही मला दरसाल पटवून देतात.

मोकळ्या झुंजीलाही शेवटी नियम असतातच, आणि विरोध त्या नियमांच्या कुंपणाआतलाच असतो. आंतरराष्ट्रीय जुदो महासंघाने २०१३ साली उभ्या झुंजीत कमरेखाली धरण्यास मनाई केली. त्या मनाईत, ज्या रीतीने तरुण कानोंनी फुकुशिमाला उचलले होते, ती जुनी रीतही सापडली.