शोलावनातील निळा गायक

निलगिरीच्या पठारावर, सहा-सात हजार फूट उंचीवर, गवताळ टेकड्या आणि त्यांच्या घळींत दडलेली बुटकी, दाट सदाहरित राने अशी जोडी आढळते. या रानांना तमिळमध्ये 'शोलै' म्हणतात. त्यावरूनच 'शोला' हा शब्द रूढ झाला. जेमतेम चिमणीएवढा, गडद निळ्या पाठीचा व तांबूस कुशींचा एक पक्षी या रानाच्या तळाशी, ओढ्याकाठच्या ओल्या पाचोळ्यात किडे वेचीत आयुष्य काढतो. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा दरडीच्या खळगीत. पहाटे व तिन्हीसांजा त्याची शीळ ऐकू येते. तो स्वतः मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. झाडांचा आडोसा सोडून मोकळ्या गवतावर तो सहसा येत नाही. त्याचा सारा इतिहास या एका स्वभावातून घडला आहे.

या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन मद्रासच्या लष्करातील डॉक्टर टॉमस जर्डन याने १८४० नंतर लवकरच केले. पुढे पळणीच्या डोंगरात त्याचा भाईबंद सापडला: पोट पांढरे, पण कुशी निळसर. तो मिळविणारा सॅम्युएल फेअरबँक हा अहमदनगर भागात काम करणारा अमेरिकन मिशनरी होता. भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफर्डने १८६० नंतरच्या दशकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

यानंतर या पक्ष्यांची जी फिरवाफिरव झाली, ती एखाद्या बेवारशी कागदाच्या नशिबीही क्वचितच येते. नाव बदलत ते एका प्रजातीतून (जीनस) दुसरीत गेले. सालिम अली व रिप्ले यांच्या ग्रंथात तर दोघेही एकाच जातीचे गणले गेले. अखेर २०१७ साली व्ही. व्ही. रॉबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक पुराव्यावरून त्यांना 'शोलिकोला', म्हणजे शोलावासी, हे स्वतंत्र प्रजातिनाम दिले. दोघांमध्ये पालघाटची तीस-चाळीस किलोमीटर रुंद खिंड आहे. ती ओलांडणे या पक्ष्यांना जमले नाही, म्हणून लाखो वर्षांत ते वेगळे झाले.

ती खिंड निसर्गाची. माणसाने पाडलेल्या खिंडी अलीकडच्या. १८१९ साली कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन पठारावर पोहोचला आणि त्यामागून उटकमंड वसले. इंग्रजांच्या लेखी गवताळ जमीन म्हणजे पडीक जमीन. तीवर ऑस्ट्रेलियातून आणलेले युकॅलिप्टस व वॉटल लावण्यात आले, शोला जळणासाठी तुटले, उतारावर चहा आला. वॉटलची लागवड स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिली. मराठीत तर गंमतच झाली: त्या परक्या युकॅलिप्टसलाच आपण 'निलगिरी' म्हणू लागलो, आणि खरा निलगिरीकर निनावीच राहिला.

आज पुष्कळ ठिकाणी चहाच्या मळ्यांमध्ये शोलाचे लहान तुकडे उरले आहेत. ओढा जिवंत असलेल्या तुकड्यात पहाटे शीळ उठते. पण मळ्यापलीकडच्या तुकड्यात तोच पक्षी असला, तरी या दोघांची गाठ पडणे कठीण.