कातळाला किती श्रेय द्यायचं?

समुद्राकाठच्या कातळाशिवाय हापूसला चव नाही, असं कोकणात छातीठोकपणे सांगतात. मग समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे असलेल्या देवरूखचा हापूस आपोआप दुय्यम ठरतो. जोडीला बोर्डोच्या रेड वाइनचा दाखला दिला, की हे मत शास्त्रीयही वाटू लागतं. तिथली चव जमिनीतून येते, तशी इथलीही! गंमत अशी, की या मताला छेद देतं ते बोर्डोच.

बोर्डोतल्या मेदोक भागातले नामांकित मळे गोट्या-वाळूच्या जमिनीवर आहेत, तर तिथल्याच पोमरोलचा पेत्रुस हा मळा चिकणमातीवर. किंमत दोन्हीकडे डोळे फिरवणारी. जेरार सेगँ या संशोधकाने मेदोकच्या जमिनी तपासल्या, तेव्हा दर्जाचा संबंध एखाद्या खनिजाशी जुळला नाही. जुळला तो वेलीला पाणी किती आणि केव्हा मिळतं याच्याशी. बोर्डोच्या वाइनची १८५५ची प्रसिद्ध प्रतवारी तर दलालांनी बाजारभाव बघून लावली. शिवाय फिलॉक्सेरा या किडीने मळे उद्ध्वस्त केल्यानंतर तिथल्या बहुतेक वेली अमेरिकन खुंटांवर बांधलेल्या आहेत.

आपल्याकडेही हापूसची काडी रायवळच्या खुंटावरच बांधतात. म्हणजे जमिनीत शिरलेली मुळं हापूसची नाहीतच. कातळावरच्या कित्येक बागांत सुरुंगाने खड्डे पाडून माती बाहेरून आणून भरलेली असते. मग कातळाची चव म्हणतात ती कोणती? कातळाचं खरं काम निचऱ्याचं. पाऊस सरला की पाणी निघून जातं, झाडाला ताण बसतो आणि थंडीत मोहोर फुटतो. देवरूखकडे पाऊस अधिक, ओल रेंगाळते, पालवी जोर धरते आणि मोहोर मागे पडतो. हे खरंच आहे, पण हा फरक हंगामाचा. मार्चच्या पेटीचा भाव मेअखेरच्या पेटीला कोण देणार? भाव कमी म्हणजे चव कमी, असं मानणारे १८५५च्या त्या दलालांच्याच पंगतीला बसलेत.

पूर्वपक्षाकडे एक मुद्दा दमदार आहे: हेच कलम धारवाडला, वलसाडला किंवा पार मलावीला लावलं, तर चव तशी उतरत नाही. मान्य. हवामान पालटलं की फळ पालटतं. पण तेवढ्यावरून समुद्राकाठचं पावस आणि आतलं देवरूख यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. हापूसच्या २०१८च्या भौगोलिक मानांकनानेही ती ओढलेली नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाचही जिल्हे त्यात आहेत.

चव बिघडते ती बहुधा माणसाच्या हातून. पहिल्या भावाच्या हावेपोटी कोवळं फळ उतरवतात. उलट झाडावर फार ठेवलं तर साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा दोष, वाढतो. चौदा आणे तयार झालेला आंबा देठासकट, सकाळच्या गारव्यात काढायचा आणि उन्हात तापू द्यायचा नाही, एवढी शिस्त कुठल्याही गावात पाळता येते.

तेव्हा पेटी घेताना गाव जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, आंबा किती आणे तयार असताना काढला, झेल्याने उतरवला की हिसडून पाडला, आणि पिकवला तो गवताच्या आढीत की पावडरीवर.