प्रोसेसर नवा, सॉफ्टवेअर जुने

नांदेड किंवा लातूरमधील छपाईच्या दुकानात नवा संगणक आला, की पहिले दोन दिवस कौतुकाचे जातात. तिसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेचे काम येते आणि मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. जुना लेझर प्रिंटर जोडला तर नवे यंत्र त्याला ओळखत नाही. विक्रेता म्हणतो, संगणकात दोष नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, नव्या यंत्रासाठीची आवृत्ती लवकरच येईल. दोघांचेही म्हणणे खरे असते; ग्राहकाचे पैसे मात्र अडकून पडलेले असतात. ६४ बिट प्रोसेसर बाजारात आल्यानंतरच्या दशकात ही तक्रार जितकी ऐकू आली, तितकी क्वचितच आली असेल.

त्याआधीचे बहुतेक संगणक ३२ बिटचे होते. अशा प्रोसेसरवर साधारणपणे ४ गिगाबाइटपर्यंतच मेमरी वापरता येते आणि ३२ बिट विंडोजमध्ये प्रत्यक्षात तीन-साडेतीन गिगाबाइटच हाती लागते. एएमडी कंपनीने २२ एप्रिल २००३ रोजी सर्व्हरसाठी ओप्टेरॉन आणि २३ सप्टेंबर २००३ रोजी घरगुती संगणकासाठी अॅथलॉन ६४ हा प्रोसेसर आणला. पुढच्याच वर्षी इंटेलनेही त्याच धर्तीची ६४ बिट सोय आपल्या चिपमध्ये दिली. खोक्यावर ‘६४’ हा आकडा ठळक छापलेला असे. परंतु त्याचा उपयोग करून घेणारे विंडोज, म्हणजे एक्सपी प्रोफेशनल एक्स६४, २५ एप्रिल २००५ रोजी आले. मधले १९ महिने ग्राहकाने ज्यासाठी पैसे मोजले होते, ती क्षमता विंडोजवर निजूनच राहिली.

हा विलंब अटळ होता असे म्हणता येत नाही. लिनक्सच्या बाबतीत सुसे कंपनीच्या अभियंत्यांनी चिप हाती येण्यापूर्वीच सिम्युलेटरवर काम सुरू केले होते. त्यामुळे ओप्टेरॉनबरोबरच त्यावर चालणारे लिनक्सही उपलब्ध झाले. अर्थात अॅथलॉन ६४ जुनी ३२ बिट सॉफ्टवेअरही उत्तम वेगाने चालवीत असे, म्हणून ग्राहक अगदीच फसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. खरी कुचंबणा झाली ती ६४ बिट विंडोज घेतल्यानंतर.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम चालतात, पण ड्रायव्हर चालत नाहीत. प्रिंटर, स्कॅनर, मोडेम यांना विंडोजशी जोडून देणारा हा छोटा प्रोग्रॅम ६४ बिटचाच असावा लागतो आणि तो त्या त्या उपकरणाच्या कंपनीने लिहावा लागतो. पाच वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरसाठी असा खर्च कोण करणार? त्याऐवजी नवा प्रिंटर विकणे कंपनीच्या सोयीचे. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आले आणि त्याच्या ६४ बिट आवृत्तीत ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी असण्याची सक्तीही आली. शिवाय डॉसच्या काळातील १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत. आडत दुकानाचा वा पतसंस्थेचा वर्षानुवर्षांचा हिशेब अशा प्रोग्रॅममध्ये असेल, तर नवे यंत्र त्याच्या दृष्टीने निरुपयोगीच. मोठ्या कंपन्याही मागेच होत्या. अडोबीचा फ्लॅश प्लेअर ६४ बिट स्वरूपात अधिकृतपणे आला तो २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अॅथलॉन ६४ नंतर तब्बल आठ वर्षांनी.

मराठीत काम करणाऱ्याची अडचण याहून खोल होती. इंग्रजी मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो. मराठी छपाईचा मजकूर मात्र युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेला असे. सीडॅकची आयएसएम प्रणाली, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. एका फाँटमधील ‘क’ दुसऱ्यात भलतेच चिन्ह होऊन उमटे. चोरट्या प्रती रोखण्यासाठी यांतील अनेक सॉफ्टवेअरबरोबर हार्डवेअर लॉक मिळत असे. ते आधी पॅरलल पोर्टला आणि पुढे यूएसबीला लावावे लागे. या लॉकलाही ड्रायव्हर लागतोच. तो ६४ बिटचा नसेल, तर रीतसर पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर बंद पडते. चोरटी प्रत वापरणाऱ्याला लॉकच नसल्याने तो निर्वेध काम करतो, हा त्यातला न्याय!

मग सरळ युनिकोडकडे का वळू नये? विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय होती. पण छपाईची दुकाने पेजमेकरवर चालत आणि २००१ मधील शेवटच्या ७.० आवृत्तीतही पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची अधिकृत सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत झाली. याचा अर्थ असा, की चिप बदलली तर विंडोज, विंडोजमुळे लॉक, लॉकमुळे फाँट आणि फाँटमुळे दहा वर्षांच्या साठवलेल्या फाइली, ही सगळी साखळीच हलत होती.

पुण्या-मुंबईत निदान त्या कंपन्यांच्या कार्यालयात जाऊन बसता येई. मराठवाड्यातील ग्राहकाला तक्रार फोनवर सांगावी लागे. ‘इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून घ्या’ हे उत्तर तर हमखास. ५६ केबीपीएसच्या डायल-अप जोडणीवर पूर्ण वेग मिळाला, तरी ३० मेगाबाइटच्या फाइलला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. आणि मध्येच भारनियमन आले की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे बहुतेकांनी शहाणपणाचा म्हणा वा नाइलाजाचा मार्ग धरला. नव्या ६४ बिट यंत्रावर ३२ बिटचे विंडोज एक्सपीच टाकून घेतले. काम सुरू झाले. जादा मेमरीसाठी दिलेले पैसे वाया गेले. २००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७ आल्यानंतर ६४ बिट ड्रायव्हर सर्रास मिळू लागले.

पुढे याच गोष्टीची उलटी बाजू दिसली. नव्या चिपवर जुने विंडोज ठेवण्याची वाट मायक्रोसॉफ्टनेच बंद केली. यापुढील प्रोसेसरना केवळ विंडोज १० चाच आधार मिळेल, असे कंपनीने २०१६ च्या जानेवारीत जाहीर केले; २०१७ मध्ये केबी लेक आणि रायझन प्रोसेसरवरील विंडोज ७ चे अपडेट रोखले गेले. २०२१ च्या विंडोज ११ ने तर इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर यादीबाहेर ठेवले आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

जून २०२४ पासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप विक्रीला आले आहेत. त्यांची बॅटरी दीर्घकाळ टिकते. जुने प्रोग्रॅम त्यांवर अनुकरणाच्या तंत्राने चालतात, परंतु ड्रायव्हर चालत नाहीत. तो एआरएम चिपसाठी वेगळाच लागतो. म्हणून दुकानात पैसे देण्यापूर्वी आपल्या प्रिंटरचे मॉडेल, मराठी सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लॉकचा प्रकार कागदावर लिहून न्यावा, शक्य तर लॉक तिथेच लावून पाहावा आणि ‘हे सर्व या यंत्रावर चालेल’ असे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील जिल्हा आयोगापुढे जाण्याची वेळ आलीच, तर तोंडी आश्वासनापेक्षा ती एक ओळ अधिक उपयोगी पडते.