बाधा, वाचा आणि चित्रपट : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक टिपण

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या लोकजीवनात 'अंगात येणे' आणि 'बाधा होणे' या भिन्न गोष्टी मानल्या जातात. माळेगावच्या खंडोबाचे वारे किंवा तुळजापूरच्या भवानीचा संचार हा देवतेचा प्रसाद होय. भुताची बाधा ही पीडा होय. तथापि दोहोंत वाचेला महत्त्व आहे. मांत्रिकांच्या परिभाषेत बाधित व्यक्तीस 'झाड' म्हणतात. झाडाला प्रथम बोलते करावयाचे, तू कोण, कोठला, कशासाठी धरलेस, असे विचारावयाचे, हा उपचाराचा गाभा. अपुरा नवस, नाकारलेला वाटा, विहिरीत जीव दिलेली सून, असे घराने दडवलेले काही या उत्तरांतून बाहेर पडते.

माहूरचे श्रीदत्तात्रेय हे महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक. या पंथाच्या मते देवता मोक्ष देण्यास असमर्थ असून तो अधिकार एकट्या परमेश्वराचा आहे; मग भुताखेतांची त्याच्यापुढे काय कथा! क्षुद्र देवतांची उपासना नाकारणाऱ्या पंथाच्या मंदिरांकडे बाधितांनी धाव घ्यावी, यातील विसंगती म्हणूनच वरवरची आहे. फलटण येथील महानुभाव मंदिराचा विडा स्कुल्टन्स यांनी केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाची व्यथा आपल्यावर यावी म्हणून घरातील स्त्रीच, बहुधा आई, संचाराच्या अवस्थेत जाते, असे त्यांना आढळले.

या पार्श्वभूमीवर भूतबाधेचे चित्रपट तपासणे उद्बोधक ठरेल. 'द एक्झॉर्सिस्ट' या १९७३ च्या अमेरिकन चित्रपटात वडीलधारा धर्मगुरू आपल्या सहकाऱ्यास सैतानाशी संभाषण टाळण्याची ताकीद देतो. त्या धर्मपरंपरेत सैतान हा असत्याचा जनक असल्याने ही ताकीद सुसंगतच आहे. आपल्याकडे मात्र भूत हे बहुधा गावचेच, ओळखीचे आणि गाऱ्हाणे असलेले. रविकांत नगाइच यांच्या 'जादू टोना' (१९७७) या हिंदी चित्रपटाने परकीय साच्यातील बाधित मुलगी व तिचे भेसूर रूप उचलले. इथल्या प्रश्नोत्तरांचे मर्म मात्र त्याच्या हाती लागले नाही. भयपट म्हणून तो निराशा करतो, याचे कारण तांत्रिक उणिवांपेक्षा येथे अधिक आहे. याउलट विकास देसाई व अरुणा राजे यांच्या 'गहराई' (१९८०) मध्ये वडिलांनी विकलेली जमीन आणि त्यांचा जुना अन्याय मुलीच्या मुखातून बोलू लागतो. तेथे भय वाटते ते भुताचे नव्हे, सत्याचे.

या परंपरेचे उदात्तीकरण मात्र करू नये. झाडाला बोलते करण्याच्या नावाखाली मारहाण, साखळदंड आणि मिरच्यांची धुरी हेही प्रकार चालत आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राने केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने हे प्रकार दंडनीय ठरविले, ते सर्वथा योग्यच झाले. मात्र मांत्रिकाचा चाबूक गेला तरी त्याचा प्रश्न उरतो. तुला काय सांगावयाचे आहे, हे त्या स्त्रीला भुताच्या आडोशावाचून विचारण्याचे काम आता घराने आणि वैद्याने पत्करावयास हवे.