पाटी मॅक्स म्युलरची, संस्था ग्योथेची

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारे म्हणतात, 'मॅक्स म्युलरला जातोय.' जगभर या संस्थेचं नाव ग्योथे इन्स्टिट्यूट. भारतात मात्र पाटीवर ऋग्वेदाचा संपादक, जो इथे कधी आलाच नाही!

ही संस्था १९५१ची. तिच्या आधीची अकादमी नाझी प्रचाराला जुंपली गेली होती. मग जर्मन भाषेवर जगाने विश्वास का ठेवावा? उत्तर निघालं ते असं: पैसा मुख्यतः सरकारचा, कारभार मात्र स्वतंत्र संस्थेचा.

चीनने २००४पासून कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट काढल्या, बऱ्याचशा परदेशी विद्यापीठांच्या आतच. वाढ झपाट्याने झाली. पण सूत्रं बीजिंगहून हलतात, असा आक्षेप आला. शिकागो विद्यापीठाने २०१४मध्ये करार वाढवायची बोलणी थांबवली. स्वीडनमध्ये तर २०२०पर्यंत सगळ्या बंद झाल्या.

मला यातून एकच गोष्ट दिसते. भाषा शिकायला आलेला माणूस त्या देशाबद्दल अवघड प्रश्नही विचारणारच. ते वर्गात चालले, तरच त्याचा विश्वास बसतो.

उद्या परदेशात मराठीचं असं केंद्र काढलं, तर इमारतीआधी हे ठरवावं लागेल: आपल्यावरची टीका तिथे चालेल ना?