पीजे, इंजिन आणि आत्या

परवा संगणकातले जुने फोटो आवरत होतो. पाचोरा-जामनेर गाडीचे, म्हणजे आपल्या पीजेचे, शंभरेक फोटो निघाले. सगळे इंजिनाचे!

खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. पीजे म्हणजे इंग्रजांच्या काळातली ५६ किलोमीटरची नॅरोगेज लाईन. दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत, कापसाच्या शेतांतून डुलत डुलत गाडी जामनेरला पोचायची. आधी वाफेचं इंजिन होतं, मग 'झेडडीएम' जातीचं डिझेल आलं. झेड म्हणजे नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं.

पाचोऱ्याची मेन लाईन केव्हाच विजेवर गेलेली. त्यामुळे आमच्यासारख्या डिझेलवेड्यांना उरले तीन रस्ते: १९०० साली सुरू झालेला चाळीसगाव-धुळे फाटा, जळगावहून सुरतेकडे जाणारा तापीकाठचा मार्ग आणि पीजे. पहिल्या दोन्हींवर आता तारा आल्या. धुळ्याला मेमू जाते. डिझेलची ती धडधड, चढावर सोडलेला काळा धूर... गेलं सगळं. गंमत म्हणजे आमचे आजोबा याच डिझेलला नाकं मुरडायचे. त्यांच्या मते खरं इंजिन वाफेचंच!

आणि पीजे? मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ती थांबली, ती कायमचीच. २०२२ मध्ये ही लाईन ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याला मंजुरी मिळाली. आम्ही फोटोवाले हळहळलो. जुनी गाडी तशीच ठेवायला हवी होती, वगैरे वगैरे.

तेव्हा पाचोऱ्याच्या आत्याची आठवण झाली. एकदा तिला त्रिविक्रमाच्या दर्शनाला शेंदुर्णीला घेऊन गेलो होतो. स्टेशनात उतरल्याबरोबर मी तिला पिशव्यांसकट सोडून इंजिनाकडे पळालो. परत आलो तर म्हणाली, "इंजिनना फोटू काढस, मन्हा कव्हय काढशी रे?" मी हसण्यावारी नेलं.

गाडी बंद झाल्यावर आत्याला एसटीशिवाय पर्याय उरला नाही. एसटीची पायरी उंच, गुडघे दुखतात, आणि तिकीट पीजेच्या कितीतरी पट. फोनवर ती अजून विचारते, गाडी कधी सुरू होणार? नॅरोगेज की ब्रॉडगेज, डिझेल की वीज, हे तिने एकदाही विचारलेलं नाही.

त्या शंभर फोटोंपैकी एकाच्या कोपऱ्यात जांभळा पदर आणि पिशवीचा बंद दिसतो. आत्याच असावी. सुमारे शंभर वर्षं ही गाडी चालली ती अशा माणसांसाठी, आणि मी त्यांना कायम चौकटीबाहेर ठेवत आलो.

असो. जामनेरची नवी गाडी सुरू झाली की पहिला फोटो आत्याचा. इंजिन मागे आलं तर आलं.